शिक्रापूरच्या अलीकडून परत

गुरुवार, मे १९७८. जागा: काळेवाडीत एका बस-ठेकेदाराचं मोकळं आवार, चिंचेखाली उभी केलेली जुनी बंद बॉडीची गाडी. हजर: मी, कंपनीच्या मेंटेनन्स प्लॅनिंगमधला, माझा मित्र, आमच्याच कंपनीत पूर्वी भट्टीखात्यात असलेला, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ह्याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर, आणि आमच्या खात्यातला वायरमन, मूळचा पिंपळे सौदागरचा. गैरहजर: मित्राची बायको. ती मुलीच्या लग्नाच्या तयारीला आधीच बीडकडच्या गावी गेली होती. लग्न रविवारी होतं. नवरीच्या बापाला मांडवापर्यंत धडधाकट न्यायचं, एवढं एकच काम आमच्यापुढे होतं.

काम सोपं वाटतं. नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साच्यातून उसळलेला लोखंडाचा रस मित्राच्या अंगावर आला. छाती, पाठ, दोन्ही दंड, मान आणि डावा गाल. जिवावरचं निभावलं, पण मांडीची कातडी काढून जिथे जिथे लावली तिथे घाम येत नाही. घामाचा माणसाला एवढा उपयोग असतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात तो दुपारी ओट्यावर गप्पा मारता मारता कोसळला, आणि शुद्धीवर यायला फार वेळ लागला. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांना स्वतःला कळणार नाही. त्या कातडीला ऊन-गार समजत नाही. बरं वाटतंय म्हणाले तरी ऐकू नका, खोलीचं तापमान बघा. तिशीच्या वर जाऊ द्यायचं नाही."

हे वाक्य मी पाठ केलं. पाठ केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मुलगी लहानपणापासून आजीजवळ गावीच वाढलेली. मुलाकडचे शेजारच्या गावचे, सगळी भावकी तिकडची, आजीला हलवता येत नव्हतं. लग्न इथे करा असं आम्ही सुचवून बघितलं, ते जमलं नाही. तारीख धरण्याआधी मुलीने एकच विचारलं होतं, "पप्पा येणार ना?" आणि हा "येतो" म्हणून बसला होता. मे महिना, बीड जिल्हा, पत्र्याची घरं, दिवसभर वीज नाही. नुसता प्रवास असता तर रात्रीची एस्टी होती. लग्नाची दुपार कुठे काढणार, हा खरा प्रश्न होता. म्हणून गाडी. गाडी मांडवाशेजारी उभी करायची, विधीपुरतं त्याने बाहेर यायचं, लग्न लागलं की परत आत.

सामान गोळा करण्यात सगळ्यांचे हात लागले. गाडी ठेकेदाराने मेव्हण्याच्या शब्दावर दिली. मॅनेजरच्या केबिनमधून काढून स्टोअर्समध्ये ठेवलेलं एसी मशीन वायरमनने आठवडाभरासाठी लिहून घेतलं. जनरेटर मांडववाल्याचा, दोन चाकांच्या ट्रॉलीवरचा, गाडीच्या मागे जोडायचा. आतून थर्माकोल ठोकला, एक खाट बसवली, खिडकी कापून तिथे मशीन बसवलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काटा. हीट ट्रीटमेंटच्या तेलाच्या टाकीवरचा जुना डायल आम्ही मागून घेतला. त्याला पेन्सिलीएवढा तांब्याचा बल्ब असतो, बल्बपासून डायलपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी, आणि ह्या सगळ्यात द्रव भरलेला. बल्बला ऊब लागली की द्रव फुगतो आणि काटा चढतो. बल्ब मागे खाटेजवळ, डायल पुढे माझ्यासमोर. मधे पत्र्याची भिंत असल्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. मागची थंडी-ऊब पुढे बसून कळायला तेवढाच मार्ग होता.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे जे काही करायचं ते गुरुवारी. पहिल्या गुरुवारी जनरेटर सुरू केला, वायरमनला आत बसवलं आणि प्रयोगशाळेतून आणलेला काचेचा थर्मामीटर खाटेवर टांगला. डायलचा काटा झपाट्याने खाली आला. मी खुशीत दार उघडलं तर वायरमन घामाने निथळत होता.

"साहेब, काटा म्हनतोय महाबळेश्वर, आन् माझं बनियन म्हनतंय भट्टी."

बल्ब मशीनच्या तोंडातच लटकत होता. मशीनचा वारा थेट त्यावर, मग तो खोलीचं काय सांगणार! काढून थर्माकोलला खाच पाडून भिंतीच्या पत्र्याला लावला. दुसऱ्या गुरुवारी दुपारी उलटं झालं. आत काचेचा थर्मामीटर चोवीस दाखवतोय आणि डायल बत्तीस. भिंतीचा पत्रा उन्हाने तापलेला आणि बल्ब त्यालाच चिकटलेला. मग तो नाडीने खाटेवर अधांतरी टांगला आणि भोवती भोकं पाडलेल्या पत्र्याची टोपी बसवली. तरीही दोन-तीन अंशांचा फरक राहिला. बर्फाच्या पाण्याचा एक पेला, कोमट पाण्याचा एक पेला, दोन्हींत बल्ब आळीपाळीने बुडवून डायलच्या मागचा स्क्रू पिळत गेलो. हे काम मला आवडतं. एक गोष्ट बदलायची, टाचण करायचं, मग दुसरी.

ज्या गुरुवारपासून ही हकिकत सांगायला घेतली तो तिसरा आणि शेवटचा. मित्र स्वतः आला होता, डोक्यावर ओला पंचा टाकून.

"काय यादीवाले, आज कितवा नंबर?" त्याने मला विचारलं. मी प्रत्येक कामाला नंबर घालून यादी करतो, त्यावरून हे नाव.

"आज काट्याला अक्कल शिकवायची," वायरमन म्हणाला.

"दाजी, तुम्ही बोलत बसू नका, आत जाऊन पडा," मेव्हणा म्हणाला. "पेशंटशिवाय टेस्ट कशी व्हायची?"

"म्हणजे मी बी गाडीचा पार्टच झालो की राव! माझ्यावर पण नंबर पाडून ठिवा."

तो आत जाऊन पडला. भर दुपारपर्यंत जनरेटर चालला. डायल आणि काचेचा थर्मामीटर एका रेषेत चालले: सव्वीस म्हणजे सव्वीस, पंचवीस म्हणजे पंचवीस. मेव्हण्याने टाळी वाजवली. नळी गरजेपेक्षा बरीच लांब होती, आणि ती कापता येत नाही. कापली की द्रव जातो आणि काटा मरतो. जादा नळीचं मी आणि वायरमनने मिळून गोल भेंडोळं केलं आणि पुढच्या दोन सीटांच्या मधे असलेल्या इंजिनाच्या झाकणाच्या कडेला क्लिपांनी बसवलं. लोंबतं काही दिसता कामा नये, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. फिटिंग बघून ऑडिटवाल्यांनीही मान डोलावली असती. संध्याकाळी काचेचा थर्मामीटर प्रयोगशाळेत परत केला. डायल बरोबर आहे हे सिद्ध झालं होतं. गाडी एकदा रस्त्यावर फिरवून बघायची असं माझ्या टाचणात होतं, पण सगळा दिवस काट्यातच गेला. उभ्या गाडीचं इंजिन तिन्ही गुरुवारी आम्ही एकदाही सुरू केलं नव्हतं. कशाला करायचं? डिझेल फुकट जळणार.

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. रात्री निघावं असं माझं म्हणणं, ते मेव्हण्याने खोडून काढलं. ट्रॉलीला मागे दिवा नाही, नगर रस्त्यावर रात्री कोण ट्रकवाला ठोकेल सांगता येत नाही. ते बरोबरच होतं. पण मांडववाल्याचा जनरेटर आदल्या रात्री दुसऱ्या लग्नात अडकला आणि आमच्या हाती आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मित्र नवा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट हँगरला लावून, खाटेवर मांडी घालून तयार. वायरमन त्याच्या सोबतीला मागे, मशीनसमोरच्या स्टुलावर. मी आणि मेव्हणा पुढे. पत्र्यावर एक टकटक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

पुण्यातली गर्दी नको म्हणून मोशीवरून चाकण, चाकणहून शिक्रापूर, मग नगर रस्ता, असा मार्ग धरला. निघताना काटा पंचविसावर होता. मोशी मागे पडली तेव्हा अठ्ठावीस. चाकणला कांद्याच्या ट्रकांमुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली आणि काटा एकतिसावर गेला. मी मेव्हण्याला थांबायला सांगितलं. लिंबाच्या सावलीत गाडी थांबवून मागचं दार उघडलं.

"का थांबायलात?" मित्र उठून बसला.

"काटा एकतिसावर गेलाय."

"मला तर गार वाटायलंय की. चला."

मी वायरमनकडे बघितलं. तो म्हणाला, "मला बी गार लागतंय. पन मी मशीनीच्या तोंडाशी बसलोय, माझं काय धरू नका."

मी स्वतः आत डोकं घातलं. गार वाटलं. पण मी बाहेरच्या झळांतून आलो होतो, मला माठाजवळही गार वाटलं असतं. आम्ही तिथेच थांबलो. थोड्या वेळाने काटा हळूहळू उतरून सत्ताविसावर आला.

"बघा," मेव्हणा म्हणाला, "थांबलं की उतरायलाय, चाललं की चढायलाय. चालत्या गाडीत जनरेटर हादरतो. मशीनला दम पुरत नाही."

मला पटलं. कोणालाही पटलं असतं. जनरेटरच्या चारही बाजूंना रिकामी पोती ठासली, पट्टे आवळले आणि निघालो.

शिक्रापूरच्या रस्त्याला लागल्यावर काटा पुन्हा चढू लागला. बत्तीस. तेहतीस. मी डायलवर बोटाने टिचकी मारली, काचेवरची धूळ पुसली. चौतीस. मेव्हणा रस्त्याकडे कमी आणि डायलकडे जास्त बघत होता. पुढे एका विहिरीजवळ गाडी थांबवली. मित्राचा ताप तरी बघू म्हणून मी माझा पत्र्याचा डबा उघडला. त्यात ताप बघायचा थर्मामीटर, ग्लुकोज, फडकी, सगळं नीट लावून ठेवलेलं होतं. डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवलेला. हात लावला तर चटका बसला. आत थर्मामीटरचा पारा टोकाला जाऊन काच तडकली होती.

"बघा इथली गरमी," मेव्हणा म्हणाला. "आन् मागं म्हणे गार."

आम्ही दोघे मागे गेलो. मित्राने आमच्या चेहऱ्यांवरूनच ओळखलं.

"अजून थोडं जाऊ," तो म्हणाला. "नगरपतुर. तिथं बघू काय ते."

"दाजी, नगरहून परत फिरायचं म्हणजे दुप्पट ऊन."

"फिरायचं कशाला पण? मला काय होत नाही राव. गार हाय आत."

"मागच्या साली बी तुम्ही असंच म्हणत होता. बोलता बोलता पडला."

मित्र माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले होते, काट्यावर जा."

"माझ्या भाचीच्या मांडवात मला मढं न्यायचं नाही," मेव्हणा म्हणाला, आणि बोलून झाल्यावर स्वतःच घाबरल्यासारखा विहिरीकडे बघत राहिला.

मग मित्र म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं," आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

काळेवाडीला परत येईपर्यंत काटा पस्तीस-छत्तिसावर होता. मी उतरून मागचं दार उघडलं. तो व्यवस्थित होता, पायांनी उतरला. वेळेत फिरलो म्हणून वाचला, असं मेव्हणा म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या.

मेव्हण्याला रात्रीच्या एस्टीने निघायचं होतं. मित्राने चप्पल घातली. "मी बी येतो. रात्रीचं काय होतंय?"

"आन् उद्या दुपारी कुठं ठेवू तुम्हाला? पत्र्याखाली?"

मित्राने चप्पल परत काढून ठेवली. मेव्हणा गेला. जाताना मित्राने त्याच्याजवळ मुलीसाठी घेतलेलं घड्याळ दिलं आणि "तिला सांग" एवढंच म्हणाला. काय सांग, ते म्हणाला नाही.

रविवारी मी आणि वायरमन सकाळपासून त्याच्याकडेच होतो. दारा-खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. लग्नाची वेळ झाली तसा तो उठला, आंघोळ केली, तो पांढरा शर्ट घातला, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि त्रिशरण-पंचशील म्हटलं. आम्हा दोघांना ते येत नव्हतं. आम्ही मागे उभे राहिलो. म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "चला, जेवून घेऊ. तिकडं पंगत बसली आसंल." वायरमनने कोपऱ्यावरून बुंदी आणली होती. मित्राने ती आमच्या ताटांत वाढली, आग्रह करकरून, घरचं कार्य असल्यासारखी. होतंच ते घरचं कार्य. त्या दिवशी मला त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

पुढच्या गुरुवारी सामान उतरवायला जमलो: मी, वायरमन, आणि गावाहून परतलेला मेव्हणा. लग्न नीट पार पडल्याचं त्याने सांगितलं. सगळ्यांनी दाजींची चौकशी केली, त्याने "तब्येतीला सोसलं नाही" असं सांगितलं. एवढंच बोलून तो कामाला लागला. जनरेटर आधीच परत गेला होता. खाट काढताना बल्बला धक्का लागू नये म्हणून वायरमनने तो गाडीतच पाण्याच्या बादलीत सोडून ठेवला. मागचं दार चिंचेच्या खोडाशी आल्यामुळे खाट निघेना म्हणून मेव्हण्याने गाडी पुढे घेतली, आणि पुढे-मागे करत बराच वेळ इंजिन चालू ठेवलं. मी पुढे डायल सोडवायला चढलो, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच राहिला.

काटा चढत होता.

मी ओरडून विचारलं, "बल्ब कुठे आहे?"

"बादलीतच हाय की."

"पाणी कसं आहे?"

वायरमनने हात घातला. "गार."

काटा तिशीच्या पुढे गेला होता. मी नळीवरून बोट फिरवत खाली आलो आणि भेंडोळ्याला हात लावताच मागे घेतला. वायरमन पुढे आला, त्यानेही हात लावून बघितला. "आयला," एवढंच म्हणाला. इंजिनाच्या झाकणाच्या कडेला आम्ही इतकं सुबक बसवलेलं ते भेंडोळं चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. द्रव फक्त बल्बमध्येच असतो असं थोडंच आहे! तो नळीभर असतो. कुठेही तापला तरी फुगतो, आणि काट्याला तो कुठे फुगला ते कळत नाही. तेलाच्या टाकीवर नळी मोकळ्या हवेतून जाते, मधे काही तापत नाही, म्हणून हे कधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि आमचे सगळे गुरुवार इंजिन बंद ठेवून गेले.

मेव्हण्याने इंजिन बंद केलं. आम्ही तिघे डायलकडे बघत उभे राहिलो. काटा उतरू लागला, चाकणच्या लिंबाखाली उतरला होता तसाच.

"म्हणजे आत गारच होतं," मेव्हणा म्हणाला.

"पंचवीस-सव्वीस असेल," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"आन् दाजी गारच म्हणत होते."

मेव्हणा पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिला. वायरमनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावा, तुझं एकट्याचं न्हाई. आमी समदेच व्हतो."

त्याच संध्याकाळी तिघे मिळून मित्राकडे गेलो. सांगायचं की नाही असा प्रश्नही आमच्यापुढे आला नाही. मी सगळं क्रमाने सांगितलं: भेंडोळं, इंजिन, बादली. तो ऐकून आधी हसला.

"म्हणजे जन्मात एकदा माझं खरं होतं, आन् तुम्ही घड्याळासारख्या त्या डब्याचं ऐकलं!"

मग त्याचा चेहरा उतरला. गावाहून परतलेली बायको आत भाकऱ्या थापत होती, तिच्याकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "अजून कुणाला म्हाईत हाय?"

"आम्ही तिघेच."

"मग तिथंच ऱ्हाऊ द्या. पोरीला तर बिलकूल नाही."

"का पण?" मी विचारलं.

त्याने मेव्हण्याकडे हात केला. "रातभर एस्टीत उभ्यानं जाऊन हा तिच्या पाठीशी उभा राहिला. तिला मामा म्हणजे काय, तुम्हाला म्हाईत नाही. मामानं आपल्या बापाला रस्त्यातून माघारी नेलं, अन् उगंच नेलं, हे तिच्या कानावर जायला नको. ती मनात धरणारी पोर हाय. बापाची तब्येत बिघडली, एवढ्यावर भागतंय."

भागलं नाही. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

त्या थंडीत मुलगी माहेरपणाला आली. आमच्याकडे डबा घेऊन आली तेव्हा माझी बायको बाहेर गेली होती. मुलगी चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पप्पा शिक्रापूरपर्यंत आले होते ना? मग परत का फिरले?"

"तब्येत," मी म्हणालो.

"सगळे हेच सांगतात. मला माहीत आहे का फिरले ते. मांडवात बायका बोलत होत्या. तोंड दाखवायची लाज वाटली त्यांना." तिचा आवाज चढला नाही. "मी आधीच सांगितलं होतं, पप्पा, चेहरा कसा बी असू द्या, तुम्ही या. मी काय लोकांची होते का, काका? माझ्यापुढं कसली लाज?"

मी डबा हातात घेऊन उभा. मित्राला दिलेला शब्द डोक्यात. "असं काही नसतं गं," असलं काहीतरी मी बोललो. तिने मान हलवली, म्हणजे माझ्या खोटेपणाला माफ केलं, आणि गेली.

दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. नामकरण गावी, डिसेंबरात. थंडीचे दिवस, मित्र एस्टीने सहज गेला असता. त्याने रजा विचारून ठेवली होती. निरोप आला तो फक्त आईला. मुलीने मामाजवळ सांगून पाठवलं, "पप्पांना संकोच होईल, उगाच त्यांना भीड घालू नका." तिने हे प्रेमानेच केलं. तिच्या लेखी ती त्याला सांभाळत होती. बायकोला एस्टीत बसवून देऊन मित्र तसाच शिफ्टला आला. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तिला वाटतंय मी येणार नाही. आता तिला कसं सांगू, मी यायलाच निघालो होतो म्हणून?"

"सांगायचं," मी म्हणालो. "काटा, भेंडोळं, सगळं."

"नको. मामाचं काय?"

मामाचं काय, ते मी मामालाच विचारलं. तो म्हणाला, "सांगा. तुम्हीच सांगा. मी दोनदा गेलो सांगायला, ती चहा ठेवते, मामा मामा करते, अन् माझं तोंड उघडत नाही. तुम्ही सांगितलं तर ती मला चार शब्द बोलंल. बोलू द्या." वायरमनचंही तेच मत. मित्राला मी त्यानंतर पुन्हा विचारलं. तो "झालं गेलं, आता कशाला" म्हणतो आणि विषय बदलतो. त्या रस्त्याने पुढे तो एकदाही गेलेला नाही. लेकीचं घर त्याने पाहिलेलं नाही.

बाकीची कामं त्याच महिन्यात संपवली होती. एसी मशीन स्टोअर्सला परत, डायल तेलाच्या टाकीवर परत, गाडीची कापलेली खिडकी पत्रा मारून बंद, मांडववाल्याला जनरेटर धुऊन-पुसून दिला. ह्या सगळ्यांवर मी त्या त्या दिवशी रेघ मारली. एकच राहिलं आहे, मुलीला सांगायचं. मित्राची परवानगी घेऊन की न घेता, हे ठरवण्यात वर्षं गेली.

ती परवापासून काळेवाडीत आली आहे, लेकराला घेऊन. रविवारी परत जाणार. माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं अंतर आहे. काल संध्याकाळी चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आज शुक्रवार. अजून गेलेलो नाही.